धागा : संशय, मोह आणि कोरी बिलं – नागपुरात २२ मिनिटांची इरॉटिक थ्रिलर करताना

चौकट_४५

मंडळी, कथा ठरली आहे, पटकथेचा तिसरा खर्डा चालू आहे. झोडपायचं असेल तर आत्ताच झोडपा, सेटवर नको.

रामदासपेठेतला एक सीए, वय ४६. बायको धरमपेठेत गाण्याचे क्लास घेते, वय ४१. त्याला तिच्यावर संशय आहे, पुरावा काही नाही. तो तिशीतल्या एका फोटोग्राफर पोट्ट्याला पैसे देतो: हिच्याशी ओळख वाढव, ही कुठपर्यंत येते ते मला येऊन सांग. पोट्टा दर आठवड्याला ऑफिसात येतो, काय घडलं ते सांगतो, खर्चाची बिलं टेबलावर ठेवतो आणि पाकीट घेऊन जातो. पहिल्या खेपेला कॉफी, दुसऱ्या खेपेला गाडी, तिसऱ्या खेपेला हॉटेलची खोली. शेवटी सीएला कळतं की हा पोट्टा बायकोला एकदाही भेटलेला नाही. सगळं रचलेलं. बिलंसुद्धा कोरी आणून स्वतःच भरलेली.

पात्रं तीन, लोकेशन तीन: ऑफिस, घर, हॉटेल. अडकलंय ते असं: पोट्टा जे सांगतो ते पडद्यावर दाखवायचं की नुसतं ऐकवायचं? बिलावरून खोटं पकडायचं कसं? जवळिकीचे प्रसंग नीट कसे शूट करायचे? आणि सर्टिफिकेटचं काय?

बर्डी_टॉकीज

कथा चांगली आहे, पण यात मोहात कोण पडतंय हे आधी ठरवा. बायको पडत नाही, ती तर कशातच नाही. पोट्टा धंदा करून राहिला. मोहात पडतो तो ऐकणारा. सीएला बायको निर्दोष निघायला नको आहे, त्याला पुढचा भाग ऐकायचा आहे. हे मान्य असेल तर कॅमेरा सांगणाऱ्यावर कमी आणि ऐकणाऱ्यावर जास्त राहिला पाहिजे. अंगप्रदर्शन वाढवून हा सिनेमा तापणार नाही. तो तापेल सीएच्या प्रश्नांनी. पहिल्या खेपेला तो विचारतो, "किती वाजता?" दुसऱ्या खेपेला, "कुठली साडी होती?" तिसऱ्या खेपेला, "मग ती काय म्हणाली?" तीन प्रश्नांत माणूस कुठून कुठे गेला ते दिसतं.

आता दाखवायचं की ऐकवायचं. खोटा फ्लॅशबॅक हे जुनं भांडण आहे. हिचकॉकच्या 'स्टेज फ्राइट'मध्ये (१९५०) सुरुवातीलाच एक माणूस घडलेलं सांगतो, आपण ते पडद्यावर बघतो आणि शेवटी ते खोटं निघतं. प्रेक्षक चिडले, आणि पुढे हिचकॉकनेही ती चूक कबूल केली. पडद्यावर दिसलेलं खरं धरायची प्रेक्षकाची सवय असते. तुमच्या विषयाच्या सगळ्यात जवळची जोडी म्हणजे फ्रेंच 'नताली' (२००३) आणि तिच्यावरून अॅटम इगोयानने टोरोंटोत केलेली 'क्लोई' (२००९). दोन्हींत बायको नवऱ्याची परीक्षा घ्यायला एका बाईला पैसे देते आणि ती बाई येऊन अहवाल देते. 'नताली'त भर सांगण्यावर आहे, 'क्लोई'त सांगितलेलं दिसतंसुद्धा. दोन्ही लागोपाठ बघा, तुमचा पहिला प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

माझं मत: दाखवा, पण एक नियम लावून. पडद्यावर दिसतं ते पोट्ट्याचं खोटं नाही, सीएची कल्पना आहे. म्हणजे त्या दृश्यांत फक्त सीएने आयुष्यात पाहिलेल्याच वस्तू येतील. हॉटेलच्या खोलीत घरातलाच टेबललॅम्प. पलंगावर घरचीच चादर. बायकोच्या अंगावर त्याने आणलेलीच साडी. पहिल्यांदा बघताना कोणाला कळणार नाही, दुसऱ्यांदा बघताना सगळं उघडं पडेल. प्रेक्षकाला फसवलंही नाही आणि दाखवलंही.

संकलक_धंतोली

+१. आणि हॉटेलचं भाडं वाचलं. घरातल्याच बेडरूमचा पलंग फिरवा, पडदे काढून एक बाजू कोरी ठेवा, झाली खोली. लॅम्प मात्र हॉटेलच्या दृश्याआधी घरात निदान दोनदा फ्रेममध्ये यायला हवा, एकदा चालू आणि एकदा बंद. एकदाच दिसलेली वस्तू कोणी लक्षात ठेवत नाही.

नेपथ्या

सगळं ठीक, पण बायकोच्या वाट्याला काय? बर्डीभाऊ म्हणतात तसं "ती कशातच नाही" असेल, तर ती बाई नाही, फर्निचर आहे. संशयपटातली ही नेहमीची खोट. संशय यायला काहीतरी दिसलं असेल ना? ते जे दिसलं त्याचं खरं कारण काय, हे लेखकाला माहीत पाहिजे, मग भले सिनेमात अर्धंच सांगा.

एक सुचवते. बाई गाणारी आहे. ती आकाशवाणीच्या ग्रेडसाठी (गायकाच्या दर्जासाठी) ऑडिशनची तयारी करते आहे आणि घरी सांगितलेलं नाही, कारण नापास झाली तर नवरा दहा वर्षं टोमणे मारेल. आता खुणा बघा. मंगळवारी आणि शुक्रवारी फोन बंद: रियाजाला बसते. गळ्याभोवती सतत स्कार्फ: नवऱ्याला वाटतं काहीतरी झाकते, खरं म्हणजे डिसेंबरच्या थंडीत गळा जपते. फोनवर बोलणं बंद, नुसते मेसेज: आवाजाला विश्रांती. रात्री उठून स्वयंपाकघरात जाते: मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या. प्रत्येक खुणेला दोन अर्थ, दोन्ही शंभर टक्के बसणारे.

एक चूक टाळा. तिला फोनवर कुजबुजताना दाखवू नका. कुजबुजण्याने गळ्याला ताण येतो, आवाज जपणारी बाई ते करणार नाही. गाणं कळणारा प्रेक्षक तिथेच तुम्हाला पकडेल.

चौकट_४५

नेपथ्याताई, स्कार्फ घेतला. हे तर पटकथेतच हवं होतं.

बर्डी_टॉकीज

ताईंचं म्हणणं पटलं. मग एक काम करा. मोठा कागद घ्या, चार रकाने: सीए, पोट्टा, बायको, प्रेक्षक. आडव्या ओळीत प्रत्येक दृश्य. रकान्यात एवढंच लिहायचं की या दृश्याअखेर ह्याला काय माहीत आहे आणि हा काय समजून बसलाय. दोन गोष्टी लगेच दिसतील. एक, ज्या दृश्यात चारही रकान्यांत काहीच बदलत नाही ते दृश्य काढून टाकायचं, ते कितीही 'गरम' असलं तरी. दुसरी, प्रेक्षक सीएच्या पुढे कधी जातो. माझ्या हिशोबाने ते १४व्या मिनिटाच्या आसपास व्हावं. त्याच्या आधी झालं तर सीए येडा वाटतो, शेवटच्या मिनिटाला झालं तर नुसता धक्का उरतो. मधली सहा-सात मिनिटं आपल्याला कळलंय आणि त्याला कळून घ्यायचं नाही, तिथेच खरा थरार आहे.

कलम_५२

बिलाबद्दल. सीए पात्र आहे तर त्याचा डोळा सीएचाच ठेवा. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचा २७, मध्य प्रदेशाचा २३. पोट्टा म्हणतो सदरमधल्या कॅफेत बसलो आणि बिलावरचा नंबर २३ने सुरू होतो, म्हणजे बिलबुक छिंदवाड्याकडच्या कुठल्यातरी दुकानातून उचललेलं. किंवा याहून बारीक: दुकान कंपोझिशन योजनेत (लहान दुकानांची ठोक कराची योजना) आहे, तसं बिलावर छापलेलं आहे आणि खाली पोट्ट्याने हाताने सीजीएसटी अडीच टक्के, एसजीएसटी अडीच टक्के लावलेत. कंपोझिशनवाल्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. कुठलाही सीए हे दोन सेकंदांत पकडेल.

संकलक_धंतोली

सीए पकडेल हो, प्रेक्षक नाही पकडणार! हे समजावायला संवाद लागेल आणि संवाद आला की प्रसंग मेला. लागोपाठचे नंबर (११८७ आणि ११८८, तारखांत आठवड्याचं अंतर) ही पहिली कल्पना सगळ्यांना सुचते, पण सहाव्या मिनिटाला पाहिलेला चार आकडी नंबर तेराव्या मिनिटाला कोणाच्या लक्षात राहत नाही.

आकडा नको, ठसा घ्या. बिलबुकात वरच्या पानावर बॉलपेनने दाबून लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर त्याचे वळ उमटतात. पोट्ट्याने घाईत एकाच बैठकीत दोन्ही बिलं भरली आहेत. दुसरं बिल सीए टेबललॅम्पखाली तिरकं धरतो आणि त्यावर आधीच्या बिलाच्या तारखेचे, रकमेचे वळ दिसतात. कुठल्या दोन बिलांचं नातं आहे ते डोळ्यांनी दिसतं, एक शब्द न बोलता. वर पेन्सिल घासून अक्षरं उठवायची जी हेरकथेतली युक्ती आहे ती करू नका. नुसता कागद वाकवायचा.

चौकट_४५

हे भारी आहे. पण कॅमेऱ्यात दिसेल का? मोबाईलवर करून पाहिलं तर पांढराफटक कागद दिसून राहिला.

उजेडवाला

वरून उजेड मारला तर वळ दिसणारच नाहीत. उजेड कागदाला जवळजवळ समांतर पाहिजे, १० ते १५ अंशांच्या कोनात, एकाच बाजूने आणि एकाच लहान स्रोतातून. सॉफ्टबॉक्स काढा, डिफ्यूजर काढा, नुसता छोटा एलईडी. मोठा मऊ उजेड वळांच्या सावल्या पुसून टाकतो. कागदाच्या दुसऱ्या बाजूला काळं कापड ठेवा, नाहीतर भिंतीवरून परतलेला उजेड त्याच सावल्या भरून काढतो. खोलीतले बाकीचे दिवे या शॉटपुरते बंद.

कागद ६० ते ७० जीएसएमचा, म्हणजे साधं बिलबुक. जाड कागदावर वळ उमटत नाहीत. जेल पेन चालणार नाही, बॉलपेनच. लिहिताना खाली आणखी चार-पाच पानं असू द्या, काचेवर एकटा कागद ठेवून लिहिलं तर दाब कागदात शिरत नाही. १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून घ्यायची लेन्स), एफ ८, कारण एवढ्या जवळून एफ २.८ला फोकसची पट्टी काही मिलिमीटरचीच उरते आणि कागद तिरका असल्याने निम्मी अक्षरं धूसर जातात. कागद हातात धरायचा असेल तर नटाची कोपरं टेबलावर टेकलेली पाहिजेत. सीएने कागद फिरवताना वळ आधी नाहीत, मग आहेत, मग पुन्हा नाहीत, असं व्हायला हवं. त्याचा वेग तालमीत ठरवा. माझ्या अंदाजाने ३० अंश फिरायला तीन सेकंद.

आता बाकीचं लायटिंग. ऑफिसात खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या चेहऱ्यावर पाडू नका, १९४०च्या दशकापासून तेच चालू आहे. सीए रात्री ऑफिसात बसतो, टेबललॅम्प आहे, तोच मुख्य उजेड ठेवा, २७०० केल्विनचा, म्हणजे पिवळसर. त्याच्या दिशेनेच एक लहान पॅनेल लपवून आधार द्या. पहिल्या खेपेला उजेडाच्या आणि अंधाराच्या बाजूत ४:१, तिसऱ्या खेपेपर्यंत ८:१. कोणाला आकडा कळणार नाही, पण खोली आकसल्यासारखी वाटेल.

बाजारातले साधे एलईडी बल्ब घेत असाल तर फ्लिकर (दिव्याचं लपलपणं) तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १८० अंश शटर, किंवा २४ फ्रेमला १७२.८ अंश, दोन्हींत १/५० सेकंद मिळतो आणि पट्टे जातात. डिमर लावलेला स्वस्त बल्ब मात्र याही उपर लपलपतो. म्हणून डिमर न लावता कमी वॅटचा बल्ब किंवा बल्बवर एनडी जेल (उजेड कमी करणारी करडी फिल्म).

आरसा वापरणार असाल, आणि या प्रकारच्या सिनेमात आरसा येतोच, तर फोकसचं अंतर म्हणजे कॅमेरा ते आरसा अधिक आरसा ते माणूस. आरशाच्या चौकटीवर फोकस गेला तर आतला चेहरा उडतो, आणि ते तुम्हाला हवंही असू शकतं: सीए चौकटीत स्पष्ट, आतली बायको धूसर. खिडकीच्या काचेवरची झळाळी पोलरायझरने कमी होते, काचेच्या लंबापासून साधारण ५५ अंशांच्या कोनात सगळ्यात जास्त. घरच्या आरशावर त्याचा काही उपयोग नाही, कारण मागे धातूचा थर असतो. तिथे कॅमेराच सरकवायचा.

कानसेन

सगळे दिसण्याबद्दल बोलून राहिले. हा सिनेमा कानाचा आहे न बाप्पा! पोट्टा सांगतो आणि दुसरा ऐकतो, एवढंच तर घडतं.

पोट्ट्याचा आवाज प्रत्येक खेपेला जवळ आणा. पहिल्या खेपेला बूम (काठीवरचा माइक) ४५ सेंटिमीटरवर, खोली ऐकू यायला हवी. दुसऱ्या खेपेला ३० वर. तिसऱ्या खेपेचं सांगणं शूटिंगनंतर शांत खोलीत वेगळं रेकॉर्ड करा, कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकपासून १० सेंटिमीटरवर. एवढ्या जवळ खालचे स्वर आपोआप फुगतात, आवाज कानात शिरल्यासारखा होतो. पॉप फिल्टर लावा आणि तोंड माइकच्या थोडं बाजूला, नाहीतर 'प', 'फ', 'भ' सगळे फुटतील. आणि बोलणं नटाला पाठ नको. रचून सांगणारा माणूस मधेच थांबतो, तपशील शोधतो. ते थांबणं राखा, कापू नका.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. हळू बोलणाऱ्या नटासाठी गेन वाढवून ठेवला आणि सीए मधेच खेकसला तर क्लिप होईल, म्हणजे आवाज फाटेल, म्हणून दुसऱ्या ट्रॅकवर तेच १० डेसिबल कमी घ्या. प्रत्येक खोलीचा रिकामा आवाज ६० सेकंद, सगळे जागेवर उभे असताना, कारण माणसं बाहेर गेली की खोलीचा आवाज बदलतो.

नागपूरचा शत्रू क्रमांक एक: कूलर. एप्रिल-मे-जूनमध्ये शूट केलं तर ४५ डिग्रीत कूलर बंद करून नट बसणार नाहीत, चालू ठेवला तर पंख्याची घरघर आणि पाण्याची टिपटिप दोन्ही संवादावर. घरघर सॉफ्टवेअरने कमी होते, टिपटिप होत नाही. म्हणून हिवाळा. पंखाही लागत नाही. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा विसरणार नाही. सकाळी कचरागाडीच्या गाण्याची वेळ त्या गल्लीत विचारून ठेवा. पलंग करकरत असेल तर पायांखाली रबराचे तुकडे आणि सांध्यांत मेणबत्ती घासा.

नेपथ्या

आता जवळिकीचे प्रसंग. इथे नुसतं "बघू सेटवर" चालत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑडिशनच्या जाहिरातीतच लिहा की भूमिकेत जवळिकीचं दृश्य आहे. निवड झाल्यावर सांगणं म्हणजे कोंडीत पकडणं. मग लेखी संमती, पण एका ओळीची नाही: शॉटगणिक. कुठला भाग दिसणार, कुठे हात लागणार, कपडे काय, कितपत उघडं, ट्रेलरमध्ये आणि पोस्टरवर वापरणार का. सही झाल्यावरही नट शॉटच्या आधी किंवा मध्ये नाही म्हणू शकतो, हेही त्यातच लिहायचं. पुण्या-मुंबईहून इंटिमसी कोऑर्डिनेटर (जवळिकीच्या दृश्यांची समन्वयक) आणणं परवडत नसेल तर कोणाला तरी ते एकच काम द्या. ती व्यक्ती दिग्दर्शक नको, निर्माती नको, नटाची मैत्रीणही नको.

तालीम पूर्ण कपड्यांत. दृश्य नाचासारखं आकड्यांवर बसवा: एक-दोनला तो हात टेबलावर ठेवतो, तीनला ती स्कार्फची गाठ सोडते, पाच-सहा थांबणं, सातला तोंड वळवणं. "तुमच्या मनाने करा" हे वाक्य सेटवर बंद. श्वास कुठे सोडायचा तेही आकड्यावर. कॅमेऱ्याला श्वास आणि थांबणं यातूनच जवळीक दिसते.

सेट बंद: दिग्दर्शक, कॅमेरा, फोकस, बूम आणि समन्वयक. बाकी सगळे बाहेर, सगळ्यांचे फोन एका डब्यात. बाहेरचा मॉनिटर बंद. शॉट कट झाला की दुसऱ्या सेकंदाला गाऊन हातात, तो कोण देणार ते आधी ठरलेलं. कार्डाची कॉपी कोणाकडे, किती, नको असलेले टेक कधी पुसणार, हे संमतीपत्रातच.

साहित्य: त्वचेच्या रंगाचे आतले कपडे, कडा न दिसणारे. बॉडी टेप, पण तो आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा, पुरळ येतं. त्वचेला तेल किंवा क्रीम असेल तर टेप धरत नाही. घाम आला तरी सुटतो, हेही हिवाळ्यासाठीच कारण. चादरीखाली दोघांच्या मध्ये योगा मॅटचा कापलेला तुकडा, फ्रेममध्ये कळत नाही. घाम 'दाखवायचा' असेल तर ग्लिसरीन आणि पाणी निम्मंनिम्मं, बारीक फवाऱ्याने. नुसतं पाणी दिव्याखाली मिनिटात वाळतं आणि पुढच्या टेकला जुळत नाही.

कंटिन्युइटीत (शॉटाशॉटातल्या सातत्यात) मंगळसूत्र, टिकली आणि पुरुषाचं घड्याळ हे तीन हमखास चुकतात. प्रत्येक टेकनंतर फोटो काढा, आणि तो फोटो कॅमेऱ्यावरच, फोनवर नाही.

पडद्यावरच्या ४५ सेकंदांसाठी अर्धा दिवस ठेवा. घाईत ही दृश्यं खोटी दिसतात आणि माणसंही दुखावतात.

बर्डी_टॉकीज

ताईंच्या पोस्टवर काही जोडायचं नाही. एवढंच: हॉटेलच्या दृश्यात संत्रं सोलण्याचा शॉट खर्ड्यात आहे म्हणे. काढा तो. नागपूर म्हटलं की संत्रं, हे आता पुरे.

चौकट_४५

काढला भाऊ, काढला.

कलम_५२

कायद्याचं. खर्ड्यात सीए "दोघांवर केस टाकतो, आत जाल" असं ओरडतो. कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केलं. व्यभिचार आता गुन्हा नाही. घटस्फोटाचं कारण मात्र आहे, हिंदू विवाह कायदा, कलम १३. आणि जुन्या कलमातही बायकोला शिक्षा नव्हतीच, फक्त दुसऱ्या पुरुषाला होती. सीएला हे माहीत असणार, म्हणून तो संवाद बदला.

पोट्ट्याला बायकोच्या मागे फिरून फोटो काढताना दाखवत असाल तर तो पाठलागाचा गुन्हा होऊ शकतो, भारतीय न्याय संहिता कलम ७८. खासगी क्षणांचं चोरून चित्रण हे कलम ७७. कथेत हे वापरा: पुढे पोट्टा सीएला धमकावतो तेव्हा त्याच्या हातात तेच शस्त्र आहे, की पैसे देऊन हे करून घेणारे तुम्हीच. नवरा-बायकोने एकमेकांचं बोलणं चोरून रेकॉर्ड केलं तर वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून येऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये म्हटलं आहे. सीएच्या वकील मित्राच्या तोंडी एक ओळ द्यायला हरकत नाही.

सर्टिफिकेट: थिएटरात किंवा सभागृहात सार्वजनिक खेळ करायचा तर सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ लागू, लांबी २२ मिनिटं असो की दोनशे. अर्ज ऑनलाइन, आपलं काम सेन्सॉर बोर्डाच्या मुंबई कार्यालयाकडे. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) तीन भागांत आहे: ७+, १३+, १६+. तुम्ही नेपथ्याताईंच्या पद्धतीने शूट केलं, म्हणजे सूचक, झाकलेलं, तर यूए १६+ची आशा ठेवता येईल. पण विषय विवाहबाह्य संबंधांचा आणि संवाद धीट, तेव्हा 'ए' (फक्त प्रौढांसाठी) धरूनच नियोजन करा. 'ए'चा तोटा म्हणजे तसाच्या तसा टीव्हीवर जात नाही. महोत्सवांना वेगळी सवलत मिळते, ती आयोजक मंत्रालयाकडून घेतात, तुम्हाला धावायचं नाही. यूट्यूबला बोर्डाचं सर्टिफिकेट लागत नाही, पण त्यांची वयाची अट लागते आणि ती लागली की व्हिडिओ फारसा पुढे ढकलला जात नाही.

आणि बिलावर कोणाचाही खरा जीएसटी नंबर छापू नका. दुकानाचं नावही बनावट. नंबरावर सीएचा अंगठा येऊ द्या.

संकलक_धंतोली

कापण्याबद्दल थोडकं. तीन खेपांची लांबी उतरती ठेवा: १५० सेकंद, ११०, ७०. प्रेक्षकाला पद्धत कळलेली असते, तिसऱ्या वेळी दार उघडण्यापासून दाखवू नका, वाक्याच्या मध्यातून सुरू करा. प्रत्येक खेपेत निम्म्याहून जास्त वेळ पडद्यावर ऐकणारा. बिलाच्या इन्सर्टला (जवळून घेतलेल्या शॉटला) नियम: पडद्यावरचा मजकूर मोठ्याने दोनदा वाचून होईल एवढा वेळ. वळांच्या शॉटला आणखी एक सेकंद, कारण डोळ्याला आधी कळत नाही की बघायचं काय आहे.

शेवटाचं बोला की राव. खर्ड्यात सीए पोट्ट्याचा गळा धरतो. 'फेटल अॅट्रॅक्शन'चा (१९८७) मूळ शेवट वेगळा होता: ती बाई स्वतःचा जीव घेते आणि आळ नायकावर येतो. चाचणी खेळांत तो लोकांना रुचला नाही, म्हणून हाणामारीचा शेवट पुन्हा शूट झाला. धंदा झाला. पण तुमच्याकडे धंद्याचं दडपण नाही, मग हाणामारी कशाला?

नेपथ्या

वळ दिसल्यावर सीए गप्प बसतो. पुढच्या आठवड्यात पोट्टा येतो. सीए पाकीट टेबलावर ठेवतो आणि विचारतो, "मग?" एवढंच.

बर्डी_टॉकीज

हाच शेवट. आणि मग बायकोच्या ऑडिशनचं त्याला कधीच कळायला नको. प्रेक्षकाला कळावं, पण रेडिओवरून गाणं ऐकू येतं वगैरे करू नका. टपालाने आलेलं पत्र ती स्वतःच उघडते आणि पर्समध्ये ठेवते, बस.

चौकट_४५

ठरलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस लावतो. सिव्हिल लाइन्सला एका ओळखीच्यांचं जुनं ऑफिस मिळून राहिलं.

कानसेन

डिसेंबर नको! हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डी, सगळीकडे बंदोबस्त, मोर्चे, भोंगे, रस्ते बंद, आणि बाहेरच्या कलाकारांना हॉटेलच्या खोल्या मिळत नाहीत. जानेवारीत या. तेही संक्रांतीच्या आसपास नाही. प्रत्येक गच्चीवर डीजे आणि "ओ काट"चा गजर, त्यात संवाद घेता येणार नाहीत. १८ जानेवारीनंतरचे चार दिवस बघा.

उजेडवाला

जानेवारी बरा. तेव्हाही सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसातली रात्र साडेसहापासून शूट करता येते, खिडक्या काळ्या करायची कटकट नाही. बिलबुकं इतवारीतल्या कुठल्याही छोट्या छापखान्यात होतील, ५० पानी, नंबर टाकून. एक नको, तीन छापा, कारण प्रत्येक टेकला नवीन पान लागेल आणि एकदा वाकलेल्या कागदावरचे वळ दुसऱ्या टेकला बसके दिसतात. लिहिणारा हात एकाच माणसाचा ठेवा, दाब बदलला तर शॉट जुळणार नाहीत.

चौकट_४५

१९ ते २२ जानेवारी धरतो. चार रकान्यांचा कागद रविवारी इथेच टाकतो, तो फाडायला या.